डाउनलोड मॅनेजर मिळाला, पण लिंक तासाभरात मरते!

मोठी झिप फाइल ब्राउझरमधून उतरवायची होती. ती नव्वद टक्क्यांच्या आसपास यायची आणि लाल अक्षरांत ‘फेल्ड’ दिसायचं. ‘रिझ्यूम’ दाबलं तरी काही नाही. शेवटी डाउनलोड मॅनेजर, म्हणजे मोठ्या फाइली उतरवून देणारं वेगळं सॉफ्टवेअर, शोधायला बसलो.

सॉफ्टवेअर मिळायला वेळ लागला नाही. फ्री डाउनलोड मॅनेजर फुकट आहे, जेडाउनलोडरही. इंटरनेट डाउनलोड मॅनेजर विकतचा, पण ३० दिवस वापरून बघता येतो. फक्त उतरवायचा तो मूळ साइटवरूनच. शोधात वर येणाऱ्या इतर पानांवर चार-चार हिरवी बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिरातीची.

इथपर्यंत ठीक होतं. मॅनेजरमध्ये लिंक टाकली आणि फाइल क्षणात पूर्ण! आकार १४ केबी. नोटपॅडमध्ये उघडली तर आत लॉगिनचं पान. मी ब्राउझरमध्ये लॉगिन होतो, मॅनेजरला ते कुठून कळणार? त्यासाठी त्याचं ब्राउझर एक्स्टेन्शन टाकावं लागतं, मग कुकीज (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) त्याच्यापर्यंत पोचतात. हे टाकलं आणि फाइल धावायला लागली.

आणि पुन्हा अडकली. या वेळी ‘४०३ फॉरबिडन’, म्हणजे सर्व्हरने परवानगीच नाकारली.

फाइल देणाऱ्या साइटच्या सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं, “ब्राउझरचा कॅश क्लिअर करून पाहा.” पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. मग वैतागून लिंकच नीट वाचली. शेपटाला ‘एक्स्पायर्स’ आणि पुढे दहा आकडी संख्या. ही १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारी वेळ असते. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकली, तर लिंक तयार झाल्यापासून बरोबर एक तास! म्हणजे सुरू असलेलं कनेक्शन तासानंतरही चालत राहतं, पण मध्ये एकदा तुटलं की नवं जोडायला गेल्यावर सर्व्हर दार लावून घेतो. ‘रिझ्यूम’ का चालत नव्हतं, ते तेव्हा उलगडलं. तासात न मावणारी फाइल द्यायची आणि लिंक तासाची ठेवायची, आणि पानावर त्याचा एक शब्द नाही! पैसे भरून घेतलेल्या सेवेत हे. राग अजून गेलेला नाही.

उपाय साधा निघाला. लिंक मेली की अर्धी फाइल काढून टाकायची नाही. लॉगिन करून नवी लिंक घ्यायची आणि जुन्याच डाउनलोडला जोडायची. इंटरनेट डाउनलोड मॅनेजरमध्ये याला ‘रिफ्रेश डाउनलोड अ‍ॅड्रेस’ म्हणतात. मॅनेजर निवडताना ‘पाचपट वेग’ वगैरे वाचू नका, ही सोय आहे का ते आधी बघा.

वेग वाढला का? हो, बऱ्यापैकी. मॅनेजर फाइलचे तुकडे करून एकाच वेळी अनेक कनेक्शनवरून आणतो. सर्व्हर दर कनेक्शनला वेग बांधून देत असेल, तर फायदा होतो. आपली लाइनच भरलेली असेल, तर तुकडे करून काय उपयोग? १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर काहीच येणार नाही, कुठलंही सॉफ्टवेअर आणा.

हे आधीच सांगायला हवं होतं: सर्व्हर तुकडे देतो का, ते अगोदर बघा. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, डाउनलोड सुरू करा आणि सर्व्हरच्या उत्तराच्या हेडर्समध्ये (फाइलच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळींत) ‘अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स’ शोधा. ‘नन’ लिहिलेलं असेल, तर मॅनेजरही हात टेकतो.

कनेक्शनची संख्या आठच्या आत ठेवा. मी हावरेपणाने ३२ केली, तर सर्व्हरने थोड्या वेळासाठी मलाच बाहेर काढलं. आणि साइटने एसएचए-२५६ (फाइलवरून काढलेला ठसा, फाइल बिघडली की तो बदलतो) दिला असेल, तर फाइल उतरल्यावर तो जुळवून बघा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या कमांडने होतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.