हात काउंटरवर होता आणि आकडा १९१

पणजीत अठरा जून रस्त्याजवळ एका स्पोर्ट्सच्या दुकानात मी घड्याळांच्या काउंटरला असतो, नऊ वर्षं झाली. "घड्याळ चुकीचं दाखवतंय" हे ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. आणि बहुतेक वेळा ते खरंच चुकीचं दाखवत असतं, का ते मला पाठ आहे, आणि ते पाठ असणंच मला यावेळी नडलं. नडलं मला नाही, टीचरना.

टीचर फोंड्याच्या, हायस्कूलला गणित शिकवतात. जूनच्या पहिल्या पावसात छत्री निथळत दारात ठेवून आत आल्या, म्हणाल्या मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनला उतरायचंय, घड्याळ दाखवा. म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहणं, त्यावर ९० किमी सायकल, त्यावर २१.१ किमी धावणं. २०१९ ला ती स्पर्धा गोव्यात पहिल्यांदा झाली आणि आमचं काउंटरच बदललं, त्याआधी लोक पावलं मोजायला घड्याळ घ्यायचे.

माझ्या बाजूचा मुलगा गिऱ्हाईक आलं की सगळ्यात झगझगीत स्क्रीनचा पीस पुढे करतो, ते मला अजिबात पटत नाही. मी आधी विचारतो पोहणार कुठे. जीपीएसचा सिग्नल पाण्यात शिरतच नाही, हात पाण्याबाहेर आला की तेवढ्या क्षणात घड्याळाला उपग्रह पकडावे लागतात, म्हणून समुद्रात फ्रीस्टाइल मारणाऱ्याची रेषा बऱ्यापैकी येते आणि ब्रेस्टस्ट्रोकवाल्याचा हात पाण्याखालीच राहतो त्यामुळे त्याची रेषा भरकटते. पूलमध्ये तर जीपीएसचा संबंधच नाही, पूलची लांबी आपण टाकायची आणि आतला सेन्सर वळणं मोजतो. दुसरा प्रश्न, तिन्ही खेळ एका मागोमाग एका बटणावर बदलायचे आहेत का, कारण गार्मिनच्या फोररनर १६५ वर समुद्रात पोहायचा मोड आहे पण ट्रायथलॉनचा नाही, तो २५५ आणि २६५ वर आहे, कोरोसच्या पेस ३ वरही आहे. डब्यावर हे कुठेतरी बारीक अक्षरात असतं, लोक घरी जातात आणि स्पर्धेच्या आठवड्यात कळतं. तिसरं म्हणजे बटणं. आपल्याकडच्या पावसात ओल्या बोटाने टचस्क्रीनवर लॅप मारून बघा, मग कळेल मी काय म्हणतो ते.

टीचरना दोन फ्रिक्वेन्सीचं जीपीएस कशाला ते समजून घ्यायचं होतं, गणिताच्या ना. म्हटलं मिरामारला आभाळ मोकळं आहे तिथे साधं जीपीएसही चालतं, पण आल्तिनोच्या झाडांखाली किंवा फोंतेनासच्या अरुंद गल्ल्यांत सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही पलीकडच्या घरातून पळताय. दुसरी फ्रिक्वेन्सी असली की हे आपटून आलेले सिग्नल ओळखायला मदत होते. त्यांनी वहीत आकृती काढून घेतली, खरंच. अशी गिऱ्हाइकं आली की दिवस बरा जातो. शेवटी बटणांचं, ट्रायथलॉन मोडवालं, दोन फ्रिक्वेन्सीचं घेतलं.

जुलैत पहिल्यांदा आल्या. सावकाश पळताना ठोके १४० वर असतात आणि मध्येच १९० च्या पुढे जातात म्हणाल्या. मी हसून म्हटलं टीचर, हे आमचं रोजचं आहे. घड्याळाच्या मागे हिरवा दिवा असतो, रक्त तो प्रकाश शोषतं, नाडीबरोबर रक्त कमीजास्त होतं त्यावरून ठोके काढतात. पण पळताना हात हलतो, पट्टा सैल असला की घड्याळ नाडीऐवजी पावलंच मोजायला लागतं, मिनिटाला १७०-१८० पावलं म्हणजे ठोके पण १७०-१८०. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर घट्ट बांधा. हे सगळं खरं आहे. पण हे तपासायची एक सोपी पद्धत आहे, ठोक्यांचा ग्राफ आणि पावलांचा ग्राफ एकावर एक ठेवायचा, दोन्ही रेषा चिकटून चालल्या तर पावलं मोजली गेली. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी काउंटरला गर्दी होती आणि मी ते केलं नाही. नंतर ग्राफ बघितला तेव्हा पावलं १६४ आणि ठोके १९६, रेषा कुठेच जवळ नव्हत्या. शिवाय पावलं मोजणारं घड्याळ तिथेच चिकटून राहतं, इथे आकडा भिंत चढल्यासारखा एकदम सरळ वर आणि दहा मिनिटांनी तसाच सरळ खाली.

ऑगस्टच्या सुरुवातीला परत. आता सायकलवर पण होतं म्हणाल्या, बोरी पुलाच्या अलीकडे झालं. सायकलवर पावलं कुठली? माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती, पण मी म्हटलं हँडलच्या धक्क्यांनी होतं आणि आपले रस्ते तर तुम्ही बघताच, छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाची वीज थेट वाचतो, हिरव्या दिव्यापेक्षा कधीही भरवशाचा. घेतला त्यांनी. चार दिवसांनी फोन, पट्ट्यावर पण १९८ दाखवतंय. त्यावर मी काय सांगितलं तर, पळायच्या आधी पट्ट्याचे पॅड ओले करा, कोरडे असले आणि वरचा सिंथेटिक शर्ट फडफडला की खोटे आकडे येतात. हेही खरंच आहे. पण ऑगस्टमध्ये गोव्यात कोणाची छाती कोरडी असते?

"बरं वाटत नाही का तेव्हा?" एवढं मी तिन्ही वेळा विचारलं नाही.

मग चवथीच्या आधीचा शुक्रवार. बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सामानाची झुंबड, दुकानात मात्र शांत. टीचर खरेदीच्या पिशव्या घेऊन आल्या, घड्याळ बदलून द्या म्हणाल्या, आवाजात थोडा राग होता आणि त्यांचा काही चुकीचा नव्हता. बोलता बोलता थांबल्या, स्टुलावर बसल्या, हात काउंटरच्या काचेवर ठेवला. "हे बघा, आत्ता. आत्ता होतंय."

घड्याळावर १९१. हात काचेवर ठेवलेला, हलत नाही. पळणं नाही, सायकल नाही, पट्टा नाही, शर्ट फडफडत नाही, माझ्याकडची सगळी कारणं संपली. मी घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलं, ते थोडा वेळ शोधत राहिलं आणि ७८ दाखवलं. परत त्यांच्या हाताला, १८९. त्यांची नाडी धरली तर मोजताच येईना, नुसती थरथर लागत होती बोटांना, आणि गळ्याच्या खळीत उडताना डोळ्यांना दिसत होतं. चेहरा पांढरा पडलेला. छातीत मासा तडफडतोय असं वाटतं म्हणाल्या, आणि असं दर वेळी वाटतं, पण तुम्ही म्हणालात घड्याळाचं आहे म्हणून.

शेटना हाक मारली, त्यांनी एक शब्द न विचारता गाडी काढली. शेट एरवी एका गिऱ्हाइकावर वीस मिनिटं घातली तर कुरकुर करतात पण त्या दिवशी माणूस म्हणून ते जसे वागले ते मी विसरणार नाही.

इस्पितळात पोचलो तेव्हा अजून चालूच होतं आणि तेच बरं झालं, ईसीजीवर सापडलं. तरुण डॉक्टरीण होती, तिने टीचरना एका रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, मग झटकन आडवं करून पाय वर उचलले. मी पडद्याच्या बाजूला उभा, नजर त्यांच्या मनगटावर. १८७, १८७, १८६, मग मॉनिटरची टिकटिक एकदम सुटी सुटी झाली आणि काही सेकंदांनी घड्याळावर ९४. टीचर रडायला लागल्या.

पीएसव्हीटी म्हणतात त्याला. हृदयात विजेची एक जास्तीची वाट असते, कधीतरी ठोका त्या वाटेने गोल गोल फिरायला लागतो आणि आकडा एकदम वर. शांत असताना काढलेला ईसीजी साफ येऊ शकतो, मे महिन्यात त्यांचा आलाही होता साफ. म्हणजे दोन महिने हे पकडणारी एकच वस्तू त्यांच्याकडे होती आणि मी तिला खोटं ठरवत होतो. डॉक्टरीण म्हणाली हा आजार सहसा जीवघेणा नसतो, पण पोहताना खोल पाण्यात चक्कर आली असती तर वेगळी गोष्ट झाली असती. त्या रविवारीच टीचर मिरामारला सरावाला समुद्रात उतरणार होत्या.

पुढे मांडीच्या शिरेतून तार घालून ती जास्तीची वाट जाळली. यंदाची स्पर्धा हुकली, पुढच्या वर्षी उतरणार.

परवा दुकानात आल्या, पट्ट्याचं बकल मोडलेलं. शेटना म्हणाल्या तुमच्या माणसाने वेळेवर नेलं. मला राहवलं नाही, म्हटलं टीचर, तुम्ही सायकलचं सांगितलेलं, फोन करूनही सांगितलेलं, मी ऐकलं नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो ग्राफ कसा बघायचा ते मला शिकवा आधी."

स्टूल ओढलं, त्यांच्या फोनवर जुलैची ती धाव उघडली आणि ठोक्यांवर पावलांची रेषा ठेवली. त्यांनी पिशवीतून तीच वही काढली. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, ती बाजूच्या मुलाने बघितली.