५७८७चं कॅलेंडर: चौकटी बसल्या, आता छपाई

चित्रं बरीचशी रंगवून झाली आहेत, पण हल्ली ब्रश नुसता पाण्यात पडून आहे. सगळा वेळ तारखांच्या चौकटींनी खाल्ला. कॅलेंडर करणाऱ्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांना वाटतं, चित्रं झाली म्हणजे कॅलेंडर झालंच की.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हे ५७८७ या यहुदी वर्षाचं, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, घरात टांगायचं भिंतीवरचं कॅलेंडर आहे. १२ सप्टेंबर २०२६ला सुरू, १ ऑक्टोबर २०२७ला समाप्त. बाहेरून येणाऱ्या यहुदी कॅलेंडरांत जेरुसलेमची भिंत असते, युरोपातली जुनी सिनगॉग (यहुदी प्रार्थनास्थळं) असतात, डाळिंबं तर असतातच. देखणी असतात, वाद नाही. पण त्यांत मलिद्याचं ताट नसतं आणि अलिबागची मशीदही नसते. (आमच्यात सिनगॉगला मशीदच म्हणतात.) म्हणून हा उद्योग.

५७८७ हे तेरा महिन्यांचं, ३८५ दिवसांचं वर्ष. आपल्या अधिक महिन्यासारखाच हिशेब: चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, ते ऋतूंच्या मागे पडू नये म्हणून १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना. फरक इतकाच की आपला अधिक महिना कधी ज्येष्ठात, कधी श्रावणात. यहुदी पंचांगात तो कायम अदारच, म्हणजे अदार दोनदा. इंग्रजी महिन्यांप्रमाणे पानं केली असती तर चौदा लागली असती आणि शेवटचं अख्खं पान ऑक्टोबरच्या एका तारखेसाठी. म्हणून हिब्रू महिन्यांची तेरा पानं, आणि इंग्रजी तारीख चौकटीच्या कोपऱ्यात.

खरी फजिती पहिल्याच पानावर. तिश्री हा पहिला महिना शनिवारी सुरू होतो आणि तीस दिवसांचा आहे. रविवारपासून आठवडा मांडला की १ तारीख वरच्या ओळीत एकटी, ३० तारीख खालच्या ओळीत एकटी, मधे चार भरलेल्या ओळी. एकूण सहा. नेहमीची युक्ती म्हणजे शेवटचा रविवार आधीच्या रविवारच्या चौकटीत तिरकी रेघ मारून कोंबायचा. पण तो आधीचा रविवार म्हणजे २३ तिश्री, सिम्हात तोरा, तोरावाचन पुरं झाल्याचा सण! आणि ३० तारखेला रोश होदेश, नवा महिना लागल्याचा दिवस. दोन्ही एका चौकटीत घातले तर कुठलाच वाचता येईना.

शेवटी सहा ओळी ठेवल्या आणि चित्राची उंची कापली. आणि त्यातून एक भलतीच सोय झाली. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे वर्षाची पहिली संध्याकाळ ११ सप्टेंबरच्या शुक्रवारी येते, आणि तो शुक्रवार हिशेबाने मागच्या वर्षाचा, २९ एलूल ५७८६. त्याला माझ्या कॅलेंडरात जागाच नव्हती. आता पहिल्या ओळीत शनिवारच्या आधी सहा चौकटी रिकाम्या आहेत, त्यांतली शेवटची त्याला दिली. फिका करडा रंग, आणि खाली सणाच्या मेणबत्त्या लावायची वेळ.

सगळ्याच पानांवर सणाचा रंग आदल्या दिवसाच्या चौकटीत खालच्या तिसऱ्या हिश्श्यापासून चढतो. बघणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मेणबत्त्यांची वेळ सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीची, मुंबईची. पुण्याचा सूर्यास्त चारेक मिनिटं आधी होतो, तेवढी तळटीप पुरते. इस्रायलमधल्या लोद-अश्दोदच्या नातेवाइकांना मात्र हे कॅलेंडर पाठवण्यात अर्थ नाही. वेळा तर सोडाच, तिकडे सिम्हात तोराही एक दिवस आधी.

हिब्रू आणि देवनागरी एका ओळीत आलं की आकडे उड्या मारतात. उपाय एकच, दोन्हींची टेक्स्ट बॉक्स वेगळी ठेवायची. हिब्रू तारखा अक्षरांत लिहितात, तेव्हा १५ आणि १६ तपासून घ्या: योद-हे नाही, तेत-वाव, योद-वाव नाही, तेत-झायिन. नाहीतर देवाच्या नावाची अक्षरं जुळतात. ते नाव मी कॅलेंडरात कुठेच घेतलेलं नाही. नाव असलेला कागद रद्दीत टाकता येत नाही, जमिनीत पुरून टाकावा लागतो, आणि वर्ष संपल्यावर कॅलेंडर जातं रद्दीवाल्याकडेच.

सणांची नावं दोन ओळींत आहेत. वर हिब्रू उच्चार, खाली घरातलं नाव: नव्याचा सण, बिरड्याचा रोजा, अनाशी ढाकाचा सण, एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याचा) उरूस. ही नावं हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ साली छापून आलेल्या इतिहासात नोंदवून ठेवली आहेत. आमच्या घरी मात्र निम्मीच ऐकू येतात. गुढीपाडवा आणि दिवाळीही बारीक अक्षरांत घेतली. ७ एप्रिल २०२७ला पाडवा आणि त्याच संध्याकाळी निसान महिना लागतो, हे सोडवेना.

आता चित्रं. निसानसाठी १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगादाचा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीचा, आधार घेतला. त्यात साडी नेसलेल्या बायका बसून बेखमीर भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. मी बायका तशाच बसवल्या, फक्त परात पुढे आणली. शेवात महिन्याच्या पानावर मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, फळं, गुलाबाच्या पाकळ्या. जलरंगात पोहे रंगवणं म्हणजे डोकेदुखी. लांबून भात दिसतो. मास्किंग फ्लुइडने (रंग बसू न देणाऱ्या द्रवाने) आधी कडा राखल्या, कोरड्या ब्रशने करडा ओढला आणि प्रत्येक पोह्याची एकच बाजू गडद केली, तेव्हा कुठे ते चपटे दिसायला लागले. एलियाहू हन्नाबीचा चेहरा कुठेही काढलेला नाही. त्यांची रिकामी खुर्ची आहे, मशिदीत असते तशी.

प्रूफ आलं तेव्हा मुंबईत काळा घोड्याला असलेल्या केनेसेथ एलियाहू सिनगॉगचा निळा चक्क जांभळा! आरजीबीचं (पडद्यावरच्या रंगांचं) सीएमवायके (छपाईच्या शाया) करताना सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले की हे होणारच. दोन्हींत निदान तीस टक्क्यांचं अंतर ठेवा. मी मॅजेंटा सत्तरच्या खाली आणला, आता निळा निळ्यासारखा आहे. कागद १७० जीएसएम मॅट. ग्लॉसीवर पेनाने काही लिहिता येत नाही, आणि दुधाचा हिशेब लिहिता येत नसेल तर कॅलेंडर कसलं? वायर-ओ बाइंडिंगमुळे गुंडाळी करून पाठवता येणार नाही, सपाट खोके लागतील. आगाऊ नोंदणी किती होते त्यावर ऑफसेट की डिजिटल ते ठरेल. प्रती थोड्या असतील तर ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च निघत नाही.

राहिली ती बिनसणाची पानं. हेश्वान महिन्यावर दिवाळीचा कंदील लागलेली अलिबागची गल्ली येईल, ते पक्कं. पहिल्या अदारचं पान अजून कोरं आहे, कारण पुरीमचा सण येतो दुसऱ्या अदारात. तिथे विश्रांतीचा वार म्हणून शनिवारी बंद असलेला तेलाचा घाणा काढायचा विचार आहे. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, त्या आठवणीचा. लाकडी घाण्याचे जवळून काढलेले फोटो, विशेषतः लाट उखळीत बसते त्या जागेचे, कोणाकडे असतील तर हवे आहेत.