ज्या गिअरला चढलो, त्याच गिअरला उतरायचं

मावसभावाने बीएमडब्ल्यूची आयएक्स ही इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हापासून मला ती कसारा घाटात न्यायची होती, आणि शेजारच्या सीटवर नानाच हवे होते. माझे वडील नाशिक-मुंबई एसटी चालवत निवृत्त झाले. त्या घाटाचं वळण न् वळण त्यांना पाठ आहे.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत जवळपास दोन मीटर रुंदीची गाडी शिरणं शक्य नव्हतं, म्हणून पहाटे ती निमाणीजवळ लावली. नानांनी आधी गाडीभोवती चक्कर मारली, टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "बॉनेट उघड." या गाडीचं बॉनेट मालकाने उघडायचं नसतंच. काच धुण्याचं पाणीसुद्धा पुढचा गोल बिल्ला उचलून भरायचं. ऑइल-पाणी बघितल्याशिवाय स्टार्टर न मारणारा माणूस तो. आत बसल्यावर स्क्रीनवर चारही टायरांतली हवा दाखवली, तेव्हा कुठे "चल" म्हणाले.

निघताना बॅटरी 80 टक्के होती, मुद्दाम. पूर्ण भरलेल्या बॅटरीत उतारावर तयार होणारी वीज घ्यायला जागा उरत नाही, आणि आज मला उतारच बघायचा होता.

विल्होळी मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला तेव्हा एकदाच पाय दाबला. ही एक्सड्राइव्ह50, पुढे एक मोटर, मागे एक. दोन्ही मिळून 523 हॉर्सपॉवर, 765 न्यूटन मीटर टॉर्क, शून्यातून शंभराला 4.6 सेकंद. गिअर बदलल्याचा झटका नाही, इंजिनाची गुरगुर नाही, नुसती पाठ सीटला चिकटते. नाना "पुरे" म्हणाले. मलाही पुरे वाटलं. खरं सुख वाडीवऱ्ह्याच्या पुढे होतं. पाऊस सुरू झाला, एअर सस्पेन्शनने रस्त्याचे जोड गिळून टाकले आणि काचेवरचा थेंब न् थेंब ऐकू यायला लागला. नाना हळू आवाजात जुन्या फेऱ्यांच्या गोष्टी सांगत होते. एसटीत इंजिन त्यांच्या डाव्या हाताशी, केबिनमध्येच असायचं. त्या कानाने त्यांना आता कमी ऐकू येतं. आमच्या घरातही इतकं निवांत बोलणं होत नाही.

इगतपुरीला 70 टक्के. घाटनदेवीला नारळ फोडला आणि धुक्यात उतरायला लागलो.

नानांचा घाटातला नियम एकच, ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं. ब्रेकवर उतरलं की लायनर तापतात, वास सुटतो, आणि मग नेमक्या वळणावर ब्रेक लागत नाही. चार पैशांचं डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्यांवर त्यांचा आजही राग आहे. या गाडीला तसे गिअरच नाहीत. मी सिलेक्टर 'बी'वर घेतला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी स्वतःला आवरायला लागली. चाकंच आता मोटर फिरवत होती आणि मोटर वीज तयार करून बॅटरीत पाठवत होती. मागचे ब्रेकलाइट लागत होते, पण ब्रेकच्या पेडलला माझा पाय क्वचितच लागला. नाना वाकून माझ्या पायाकडे बघत राहिले. "सेकंडला टाकल्यासारखी धरतेय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

हिशेब सोपा आहे. गाडी अडीच टनांची, वर आम्ही दोघं, आणि घाटाची उतरण सुमारे 300 मीटर. एवढं वजन एवढं खाली आलं की दोन युनिटांच्या थोडी वर ऊर्जा सुटते. एसटीत ती लायनर आणि इंजिन तापवून हवेत जायची. इथे थोडी वाटेत हरवते, बरीचशी परत मिळते. कसाऱ्याला काटा 70 वरच होता. सगळा घाट उतरलो आणि टक्काभरही वीज गेली नाही.

चहा घेऊन परत फिरलो. चढाला 4 टक्के गेले. रेल्वेचा चढ इथे 37 मीटरला एक मीटर आहे, म्हणून रेल्वेगाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. ओल्या रस्त्यावर ट्रक कण्हत होते आणि आम्ही चारही चाकांवर नुसते सरकत वर आलो.

निमाणीला पोचलो तेव्हा 120 किलोमीटर झाले होते आणि 56 टक्के उरले होते. वापरता येणारी बॅटरी 105 युनिटांची, म्हणजे 25 युनिट गेले. नानांनी खिशातली डायरी काढली. एसटीत ड्रायव्हरची पारख केपीटीएलवर, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर यावर होते. त्यांनी दहा युनिटांचा हिशेब मांडला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "चांगला आहे." मग डायरी मिटत म्हणाले, "माझा पंचेचाळीस पडायचा. चव्वेचाळीस माणसं घेऊन."