तिने सरपंचताईंना विचारलं

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. वर्ग सातवीपर्यंत. दसरा सरला की गावात ट्रॅक्टर लागतात आणि दिवाळीच्या पुढेमागे अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं.

पूर्वी शालेय मंत्रिमंडळ मीच नेमायचे. मुख्यमंत्री मुलगा, मुलींकडे स्वच्छता नाहीतर सांस्कृतिक खातं. त्यात काही चुकतंय हे कितीतरी वर्षं माझ्या ध्यानातही आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. मग आम्ही निवडणूक घ्यायला लागलो. अर्ज, चिन्हं, एक दिवस प्रचार, बोटाला स्केचपेनची शाई. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी अकरा मतांनी मुख्यमंत्री झाली. तिचं चिन्ह होतं बादली.

निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने एक वही केली. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी कधी होतं, कधी नव्हतं, तारीखवार. मी सांगितलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात तिच्या वडिलांनी उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, घेतली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघंही पहाटे चारला उसाच्या फडात. मग कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, बारक्या भावाला कोण सांभाळणार? तीच. मी घरी गेले, हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. आईबाप तोडीला गेले तरी लेकरू गावातच आजीजवळ राहतं, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. वडील म्हणाले, "मॅडम, जेवणाचं ठीक हाय, पण बारकं लेकरू कोण बघंल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे सातवी-आठवीच्या मुलींची शाळा बहुतेक वेळा अशीच सुटते. त्यांना शिकवायचं नाही असं कुणी म्हणत नाही. घरात एक लहान मूल असतं, इतकंच. शेवटी आजीच म्हणाली, "दोघांलाबी ठेवा माझ्यापाशी." तो भाऊ मग अंगणवाडीत आणि अंगणवाडी सुटली की आमच्या व्हरांड्यात. वर्गात तिचा एक डोळा कायम दाराकडे असायचा.

3 जानेवारीला बालिका दिन. दरवर्षी सावित्रीबाईंवरची भाषणं मी लिहून देते, मुली पाठ करतात. या वेळी तिला म्हटलं, भाषण राहू दे, 26 तारखेच्या ग्रामसभेला चल. वही घेऊन.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत कोयत्याची घरं नसतातच, ती सगळी फडात. त्यामुळे त्यांच्या लेकरांच्या शाळेचा विषय काढणारं तिथे कुणी नसतं. महाराष्ट्रात 2011पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आमच्या सरपंचही बाईच. पण सभेत बोलतात त्यांचे यजमान. ती उभी राहिली, वहीतल्या नोंदी वाचल्या. डिसेंबरात चौदा दिवस पाणी नव्हतं. मग विचारलं, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणाला असतात ना, त्यातून आमचा नळ होईल का?

यजमानांनी उत्तर सुरू केलं. ती म्हणाली, "मी सरपंचताईंना विचारलंय."

माझ्या पोटात गोळा आला. सगळे गप्प. ताईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. म्हणाल्या, "मला आत्ता माहीत नाही बाळा. बघून सांगते." त्या सभेत त्यांचं हे पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शाळेत आल्या, वही मागून घेतली, नुसत्या उभ्या राहून सगळी पानं वाचली. नळ मार्चमध्ये आला.

या मुलीला पुढे काय व्हायचंय, मी विचारलेलं नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला एवढं ओझं कशाला? तिला हिशोब मागता येतो, आणि कुणाला मागायचा हेही कळतं. यंदाच्या मुलींनाही मी भाषणं लिहून देणार नाही. ग्रामसभेच्या तारखा फळ्यावर लिहून ठेवल्यात.

आता ती आठवीला, सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण सकाळची गाडी वेळेत येत नाही, पहिला तास बुडतो. परवा भेटली तेव्हा दप्तरात नवी वही होती. गाडी किती वाजता आली, तारीखवार. आगार व्यवस्थापकांना अर्ज कसा करायचा, विचारत होती. मी कोरा कागद दिला आणि वर पत्ता कुठे लिहायचा तेवढं दाखवलं.