चिठ्ठीत निघालं फिलिपाईन्स

साताऱ्याहून पुण्याला वर्षातून दहा वेळा जाणं होतं, पण क्यू, म्हणजे टेबलावरचे बॉल मारायची काठी, घेऊन पहिल्यांदाच निघालो होतो. दोन तुकड्यांत सुटणारी क्यू, काळ्या लांबट पिशवीत. शेजारच्या आजोबांनी खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, "सनई का?" म्हटलं, नाही, पूल खेळायला चाललोय. "लकडी पुलावर?" पुढे मी समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

स्वारगेटला उतरून भुयारी मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून डेक्कन. दाजी आधीच येऊन उभे होते. आमचे दाजी सहा फुटी, डावखुरे आणि उत्साही. सगळं खूळ त्यांचंच. वर्ल्ड कप ऑफ पूलचे जुने सामने बघून बघून त्यांच्या मित्रमंडळानं ठरवलं, की तशीच एक जोड्यांची स्पर्धा एका शनिवारी आपल्याकडे उरकायची. गुडलकमध्ये बनमस्का खाताना त्यांनी मला नियमांची उजळणी करायला लावली.

हा वर्ल्ड कप म्हणजे देशादेशांच्या जोड्यांचा सामना. 2006 साली वेल्समधल्या न्यूपोर्टला सुरू झाला. एका देशाचे दोघे, खेळ नाइन-बॉलचा. टेबलावर एक ते नऊ नंबरचे बॉल, क्यूनं मारलेल्या पांढऱ्या बॉलनं आधी सगळ्यात लहान नंबराला शिवायचं आणि नियमात राहून नऊ नंबर टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घालवला की रॅक (म्हणजे एक डाव) तुमची. खरी गोम पुढे आहे. जोडीदारांनी एकाआड एक शॉट मारायचा. याला स्कॉच डबल्स म्हणतात. (स्कॉचचा काही संबंध नाही. हे कळल्यावर आमच्यातला एक जण हिरमुसला.) एकट्यानं खेळताना पांढरा बॉल आपल्या पुढच्या शॉटला सोयीचा ठेवायचा असतो. इथे तो दुसऱ्याच्या सोयीचा ठेवायचा. दुसऱ्याची उंची, दुसऱ्याचा हात, दुसऱ्याची भीती, सगळं धरून.

पोटात चहा असल्यामुळे पूल पार्लरपर्यंत चालत गेलो. वाटेत पीवायसी जिमखान्यापाशी दाजींची गाडी आपोआप विल्सन जोन्सवर आली. जोन्स जन्मानं पुण्याचे, 1922 चे. 1958 मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले आणि कुठल्याही वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले जगज्जेते ठरले. बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचेच, 1985 चे. म्हटलं, "दाजी, एक मुंबईचा म्हणून गाजला, दुसरा बंगळूरचा. पुण्यानं नुसतं बाळंतपण केलं." दाजी दोन मिनिटं बोलले नाहीत.

पार्लर एका जुन्या इमारतीच्या तळघरात. स्नूकरचं बारा फुटी टेबल एका कोपऱ्यात ताडपत्री पांघरून पडलेलं, पूलची नऊ फुटी टेबलं मात्र सगळी चालू. आठ जोड्या. देश चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि चिठ्ठ्या फक्त हा कप जिंकलेल्या देशांच्या. म्हणजे भारताची चिठ्ठीच नाही! त्यावरून थोडी वादावादी झाली, पण नियम करणारा जागचा हलला नाही. आमच्या वाट्याला फिलिपाईन्स. दाजींना आभाळ ठेंगणं झालं. पहिला कप त्या देशाचाच, एफ्रेन रेयेस आणि फ्रान्सिस्को बुस्तामांतेचा. त्याच दोघांनी 2009 ला मायदेशात पुन्हा जिंकला. नंतर 2013 ला आणि स्पेनमधल्या लुगोला 2023 मध्ये नव्या जोड्यांनी. "आता आपण," दाजी म्हणाले.

पहिला सामना फिनलंडशी. दोन इंजिनिअरिंगची पोरं, हात सणसणीत, डोकं गरम. तिसऱ्या रॅकपर्यंत ती एकमेकांशीच भांडायला लागली आणि आम्ही 3-1 जिंकलो. त्यात आमचं कर्तृत्व फारसं नाही.

ऑस्ट्रियाची गोष्ट वेगळी. नवरा-बायको, चाळिशीचे. बोलायला परवानगी असूनही तोंडातून शब्द नाही. ती नुसती भुवई उचलायची, की तो क्यूला चॉक लावता लावता बाजू बदलायचा. आपला पांढरा कुठे थांबला हे दोघं बघतच नव्हते, जोडीदार कुठे उभा राहणार ते बघत होते.

आणि आमचं? दाजी बॉल सुंदर पॉट करायचे, म्हणजे पॉकेटात घालायचे, आणि पांढरा सहा फुटी डावखुऱ्या माणसाला सोयीचा ठेवून "घे" म्हणायचे. मी पाच फूट चार इंच, उजव्या हाताचा. प्रत्येक शॉटला रेस्ट (क्यू टेकवायची लांब दांडी) घेऊन टेबलावर निम्मा झोपायचो. दुसरा कोणी असता तर दोन शब्द सुनावले असते. बहिणीच्या नवऱ्याला काय सुनावणार? "दाजी, जरा अलीकडं आला असता तर..." एवढंच. शेवटी पार्लरमधले गुण मांडणारे म्हातारे मार्करकाका रॅक लावता लावता म्हणाले, "साहेब, पुढचा शॉट तुमचा नाहीये, पाहुण्यांचा आहे." आमच्या ताईलाही हे इतकं थोडक्यात जमलेलं नाही.

त्यानंतर दाजी सुधारले, इतके की 2-2 झालं. शेवटच्या रॅकमध्ये आठ नंबर त्यांचा, नऊ माझा. त्यांनी आठ हळुवार घातला आणि पांढरा माझ्यासाठी, खास माझ्यासाठी, मधल्या पॉकेटाच्या समोर आणून ठेवला. रेस्टची गरज नाही, कोन सरळ. इतकं सोपं मला अख्ख्या दिवसात मिळालं नव्हतं. मी मारला. नऊ पॉकेटाच्या ओठावर डुगडुगून तिथेच बसला. ऑस्ट्रियाच्या बाईंनी भुवईसुद्धा न उचलता तो आत ढकलला.

घरी ताईनं विचारलं, "कुणामुळं हरलात?" मी तोंड उघडायच्या आत दाजींनी जेवणाच्या टेबलावर मांडणी सुरू केली. वाटी म्हणजे मधलं पॉकेट, छोटा कांदा म्हणजे नऊ नंबर, लिंबू म्हणजे पांढरा. "हे बघ, मी याला इथं आणून दिला," ते लिंबावर बोट ठेवून सांगत होते. "याच्यापेक्षा आणखी काय करायचं माणसानं?"

ताईनं ते लिंबू उचललं, चिरलं आणि माझ्या मटकीच्या उसळीवर पिळलं.