आडवी बाटली आणि मतदार यादी

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं तर आधी बायकांची समजूत घालावी लागत असेल, असं बाहेरच्या माणसांना वाटतं. आमच्या बायका कधीच्याच तयार होत्या. दुकान एसटी थांब्याला लागून. पोरी कॉलेजातून आल्या की पिणाऱ्यांच्या घोळक्यातूनच वाट काढायच्या. आमची खरी दमछाक झाली ती मतदार यादीनं, आणि हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

सुरुवात ग्रामसभेच्या ठरावानं झाली. ठराव घेऊन आम्ही बचत गटाच्या बायका जिल्ह्याला राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात गेलो. तिथल्या दुय्यम निरीक्षकांनी नीट बसवून सांगितलं, "ताई, दुकानाला सीएल-3, म्हणजे देशी दारू किरकोळ विकायचा परवाना आहे. नुसत्या ठरावानं तो बंद होत नाही. मतदान घ्यावं लागेल." 2008 च्या सरकारी आदेशातली पद्धत अशी: गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, खात्यानं सह्या पडताळायच्या, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं गुप्त मतदान. चिन्हं दोनच. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

सह्या भराभर झाल्या. पडताळणीला मात्र घाम फुटला. यादीत सुमनबाई आणि कागदावर सुमन, कुणाच्या नावापुढं अजून माहेरचंच आडनाव, कुणी तेव्हा अंगठा दिला आणि आता सही शिकलेली. साहेब ग्रामपंचायतीत बसून एकेकीला ओळखपत्र घेऊन बोलावत होते. अशा वेळी 25 टक्क्यांवर थांबणं धोक्याचं. भरपूर जास्तीच्या सह्या आणल्या म्हणूनच आम्ही टिकलो.

आता खरी मेख. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत 1,000 बायका आहेत. 600 जणी आल्या आणि त्यातल्या 490 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी बाटली उभीच. घरी राहिलेली प्रत्येक बाई आपोआप दुकानाच्या बाजूनं. वारलेली सासूसुद्धा, नाव यादीत असेल तर.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीचं. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव कारखान्यांवर जातं ते उन्हाळा लागल्यावर परततं. थंडीत मतदान लागलं असतं तर हरलोच असतो. म्हणून निवेदनच उशिरा दिलं, टोळ्या परतायच्या बेतानं. काही जणी चिडल्या, "अजून चार महिने तो धिंगाणा बघायचा का?" बघितला.

तेवढ्या वेळात यादी हातात घेऊन घरोघर फिरलो. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी, आमच्याच अंगणवाडीची सेविका, तिची फार मदत झाली. मयतांची नावं कमी करायला नमुना 7 चा अर्ज. लग्न होऊन गेलेल्या लेकींनी सासरी नमुना 8 भरला की इथलं नाव निघतं, पण त्यासाठी फोन करकरून त्यांच्या मागं लागावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात घोषणा नाहीत की फोटो नाहीत. पण आमचं मतदान मी तरी इथंच जिंकलेलं मानते.

दुकानवाल्यालाही हे गणित पाठ होतं. त्याच्या माणसांनी उभ्या बाटलीचा प्रचार केलाच नाही. "ऊन लय आहे मावशे, कशाला तडफडत जाती?" एवढंच म्हणत फिरले. आम्ही पाण्याची बाटली घेऊन म्हाताऱ्यांना दाखवत होतो, ही उभी, ही आडवी. एक आजी म्हणाली, "माझा नवरा रोज आडवाच असतो, मला काय शिकवती!"

मतदान शाळेत झालं, तहसीलची माणसं, पोलीस बंदोबस्त, सगळं निवडणुकीसारखं. मोजणी त्याच दिवशी. निम्म्याची रेघ आम्ही ओलांडली, पण फार मोकळ्या अंतरानं नाही.

नंतर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला आणि दुकानाला सील लागलं. परवानाधारकाला आयुक्तांकडं अपिलाची वाट असते, म्हणून निवेदनापासूनच्या सगळ्या कागदांच्या पोच घेतलेल्या प्रती जपून ठेवा.

आणि या मतदानानं फक्त परवान्याचं दुकान बंद होतं. चोरून विकणाऱ्याला परवानाच नसतो, त्याच्यासाठी बाटली आडवी करून उपयोग नाही. तिथं तक्रार दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली करायची, आणि पुन्हापुन्हा सापडणाऱ्याकडून कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला लावायचं. आमच्याकडं एकाचं घेऊन झालंय. दुसऱ्याचं प्रकरण चालू आहे.