आमची वाटचाल : ट्रकभर शेणखतातलं पाणी

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या दारात खनिज वाहणारा ट्रक उभा होता आणि त्याचे हप्ते चालू होते. डिचोली तालुक्यात तेव्हा असे ट्रक कितीतरी घरांसमोर होते. काही महिने वाट पाहिली. मग ओळखीच्या एका कुळागरवाल्याने (सुपारीच्या बागेच्या मालकाने) विचारलं, "बेळगावकडून शेणखत आणून देशील का?" ट्रक धुऊन काढला आणि चोर्ला घाट चढलो.

सुरुवातीला माल कुळागरांना आणि माडांच्या भाटांनाच जायचा. हळूहळू साखळी-डिचोलीच्या बायका अर्धी-पाव पिशवी मागायला घरी येऊ लागल्या. परसातल्या मिरच्या, वांगी, तांबडी भाजी, अळू यांसाठी. प्रश्न प्रत्येकीचा एकच: "बाब, शेणाला एवढे पैसे?" मला उत्तर सुचायचं नाही. एके दिवशी बायकोने किलोभर खत स्टीलच्या ताटात पसरून गच्चीवर ठेवलं. कडक उन्हात तीन दिवस वाळवून तोललं तर साडेचारशे ग्रॅम भरलं. म्हणजे ४० किलोच्या पिशवीत २२ किलो पाणी! ते मी डिझेल जाळून घाटावरून खाली आणत होतो आणि पैसे त्या बायका मोजत होत्या. मला रात्रभर झोप लागली नाही.

ट्रक विकला, जुना पिकअप घेतला आणि हिशेब नव्याने मांडला. शेणखतात नत्र (नायट्रोजन) अर्धा टक्का, निंबोळी पेंडीत पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लांबून आणायची तर पेंड आणावी. पण नुसत्या पेंडीने माती भुसभुशीत होत नाही, तिला पालापाचोळ्याचं, कुजलेल्या काडीकचऱ्याचं अंग लागतं. तो भरणा जवळच मिळवायचा, वीस किलोमीटरच्या आत. आजही आम्ही याच नियमाने चालतो.

जवळ काय होतं? मार्च ते मे काजूच्या फेणीच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. बोंडांचा रस निघाला की चोथ्याचे ढीग उरतात, आणि भट्टीवाल्यांना ते कोणी उचलून नेलं तर हवंच असतं. पहिल्या वर्षी आम्ही चोथा तसाच ओला रचला. आठ दिवसांत आंबट दर्प, चिलटांचे थवे, खालून काळं पाणी. शेजारच्यांनी तक्रार केली आणि त्यांचं बरोबरच होतं. चोथ्यात साखर आणि पाणी दोन्ही भरपूर, हवा जायला जागाच नसते. आता एक घमेलं चोथा, दोन घमेली सुका पाला, वर तुकडे केलेली माडाची चुडतं (झावळ्या), शेणकाला आणि मूठभर राख असे थर देतो. दहा दिवसांनी ढीग उकरला की वाफ येते, आत हात क्षणभरही ठेववत नाही. दर आठवड्याला वरखाली करतो. तीन-चार महिन्यांत बोंडांचा वास जातो आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येऊ लागतो. तेव्हाच चाळणीला लावतो. काजूबियांची टरफलं मात्र या ढिगात कधीच घालत नाही, त्यातल्या तेलाने हातही भाजतो.

आपल्या लाल जांभ्या मातीचं दुखणं वेगळं आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते. मग लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात. खत घातलेलं असतं, पण झाडाला मिळत नाही. त्यासाठी आम्ही खानावळींतून तिसऱ्या-खुब्यांची टरफलं (शिंपल्या) आणतो, धुतो, वाळवतो आणि पिठासारखी दळतो, म्हणजे गेलेला चुना मातीला परत मिळतो. जाडी राहिली तर विरघळायला वर्षानुवर्षं लागतात. ही पूड आम्ही माती तपासल्याशिवाय देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पणजी-पर्वरीच्या फ्लॅटांतून मागणी आली. कुंडीसाठी हलकं मिश्रण हवं, म्हणून एका व्यापाऱ्याकडून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणांच्या भुशाच्या, विटा घेतल्या आणि मिसळून विकल्या. तीन आठवड्यांनी फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका रिक्षाने कुंडी घेऊन आल्या. टोमॅटोच्या पानांच्या कडा विस्तवाने भाजल्यासारख्या करपल्या होत्या. चिमूटभर मिश्रण पाण्यात कालवून जिभेला लावलं. खारट! सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली की मीठ त्यातच राहतं. त्या महिन्यात ज्यांना ज्यांना माल गेला त्या सर्वांना फोन करून पैसे परत केले. बाईंच्या कुंडीत मी स्वतः नवी माती भरून दिली. आता प्रत्येक वीट टाकीत तीनदा धुतो. पहिलं पाणी काळ्या चहासारखं येतं, तिसऱ्या वेळी फिकट पिवळं. मीटरवर क्षार उतरल्याशिवाय माल गोदामात जात नाही.

स्वस्त काय, असं आता कोणी विचारलं तर आधी घरी काय आहे ते विचारतो. चुलीची राख, माडाची चुडतं, फणसाची पानं, स्वयंपाकघरातला ओला कचरा, हे असेल तर भोकं पाडलेल्या पिंपात घरीच खत करा, आमच्याकडून फक्त पेंड न्या. दहा कुंड्यांना दोन किलो पेंड वर्षभर पुरते, दर दोन महिन्यांनी थोडी थोडी घातली तरी. यात विक्री कमी होते हे खरं आहे. बायकोचं यावर माझ्यापेक्षा ठाम मत आहे: ज्याला गरज नाही त्याला पिशवी द्यायची नाही.

सुकवायचं ते ताट अजून वजनकाट्याशेजारी ठेवलेलं असतं. ज्याला शंका असेल त्याने मूठभर खत घरी नेऊन वाळवून पाहावं.

जून ते ऑगस्ट आम्ही खताची विक्री बंद ठेवतो. हवेतल्या दमटपणाने माल ओला होतो, आणि परसात घातलेलं दोन सरींत ओहोळाला लागतं. माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताची) दोडकी, चिबूड लावायचे असतील तर मे महिन्यात आळी करतानाच खत न्या. मिरची-वांगी लावणार असाल तर चतुर्थी झाली की या.